पोटखराब

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर तात्यांनी, म्हणजे माझ्या काकांनी, सातबाराचा उतारा माझ्यापुढे ठेवला. राजापूर तालुक्यात आमच्या वाडीच्या डोक्यावर जो कातळ पसरलाय, त्यातला आमचा सामायिक तुकडा एक हेक्टर दहा आर. लागवडीयोग्य क्षेत्र वीस आर. उरलेले नव्वद आर एका शब्दापुढे मांडलेले : पोटखराब. दिवाळीनंतर ब्रेकर लावून तो कातळ फोडायचा, दहा-दहा मीटरवर मीटरभर खोल खड्डे काढायचे, ट्रकनं माती आणून भरायची आणि हापूसची कलमं लावायची, असा तात्यांचा बेत. हिस्सेदार तिघं. तात्यांची सही झाली होती. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, नाही म्हणून मोकळी झाली होती. ती कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. मी ठाण्याचा चाकरमानी, दोघांच्या मध्ये.

“कागदावर सही करायचीय ना? मग आधी जागा बघ,” ताई म्हणाली. पावसाची सर थांबली होती. पाखाडी चढून आम्ही तिघं सड्यावर, म्हणजे त्या कातळावर, गेलो. तिथं जे बोलणं झालं ते जमेल तसं लिहितो. मी त्यात फारसा बोललो नाही. माझी सही दोघांनाही हवी होती, त्यामुळे मला ऐकण्याचंच काम होतं.

तात्या : बघ रे, चारी बाजूंनी बघ. दगड, दगड आणि दगड. माझ्या आज्यापासून इथं पायलीभर भात पिकलेलं नाही. सरकारनं नाव कसं नेमकं ठेवलंय! या जमिनीचं पोटच खराब. घातलेलं काही धरत नाही.

ताई : तात्या, उभ्यानं सगळा कातळ सारखाच दिसतो. जरा बसा. तुमच्या चपलेला लागून काय उगवलंय?

तात्या : गवत. त्यात ते जांभळं बारीक फूल, सीतेची आसवं. लहानपणापासून बघतोय.

ताई : ते उपटू नका, पण उपटलंत तर खाली खरं मूळ सापडायचं नाही. दोऱ्यासारखे तंतू आणि त्यांना मोहरीहून बारीक पिशव्या. पाण्यातला सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाच्या केसाला लागला की झाकण उघडतं, जीव पाण्यासकट आत ओढला जातो आणि झाकण बंद. सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाही वेळ लागत नाही.

तात्या : म्हणजे सीतामाईचं नाव लावून मांसाहार! तोही गौरी-गणपतीच्या दिवसांत.

ताई : पोट भरायला नव्हे. अन्न ते बाकीच्या झाडांसारखं उन्हावरच तयार करतं. पण या कातळावर माती बोटभर, आणि पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे, तोही चार महिन्यांत. मातीतलं नत्र, स्फुरद सगळं धुऊन जातं. तुम्ही बागेत युरिया टाकता. हिला तो मिळत नाही, म्हणून ही स्वतः पकडते. पलीकडे तो लालसर चिकट केसांचा दवबिंदू दिसतोय, त्याचीही तीच गत. खडक कसा आहे, त्यावर झाड काय खाणार हे ठरलंय. आता सांगा, हा दगड मेलेला कसा?

तात्या : दगड तो दगडच, गो बाय. त्याच्यावर चार फुलं आली म्हणून तो काय श्वास घ्यायला लागला? तूच मागे अकरावीच्या पोरांना शिकवत होतीस, पडवीत बसून, मोबाइलवर. मी ऐकत होतो. फळ्यावर दोन रकाने केलेस. एकीकडे सजीव, एकीकडे निर्जीव.

ताई : हो. तो पहिलाच धडा असतो. परिसंस्था म्हणजे एखाद्या जागेतले सगळे सजीव, तिथले निर्जीव घटक आणि त्यांची आपसातली देवाणघेवाण. सजीवांत उन्हावर अन्न तयार करणारे उत्पादक, ते खाणारे भक्षक, आणि मेलेल्याची माती करणारे विघटक. निर्जीवांत ऊन, पाणी, हवा, तापमान, खडक, माती.

तात्या : थांब. माती निर्जीवात?

ताई : पुस्तकात तशीच असते.

तात्या : पुस्तकाला नांगर धरायला लाव एकदा. मातीत गांडूळ असतं, वाळवी असते, बुरशी असते, कुजलेला पाला असतो. हे सगळं काढून घेतलंस तर उरते ती रेती. तिच्यात काय पिकणार? बरं, शेण कुठल्या रकान्यात? आंब्याचा गळलेला पाला कुठल्या? झाडावर होता तोवर सजीव, खाली पडला की निर्जीव, आणि वाळवीनं खाल्ला की पुन्हा सजीव?

इथं ताई गप्प झाली. ती वादात सहसा गप्प होत नाही. मग म्हणाली :

ताई : हे पोरांना विचारायला पाहिजे. तुमचं बरोबर आहे. रकाने शिकवायला सोपे जातात म्हणून आम्ही मधली रेघ ओढतो आणि मग ती पुसायची विसरतो. गंमत म्हणजे ज्यानं परिसंस्था ही कल्पना नावारूपाला आणली, त्याचं भांडण याच रेघेशी होतं. आर्थर टान्सली नावाचा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ. 1935 मध्ये त्यानं लिहिलं की जीव आणि त्यांच्या भोवतालचं ऊन-पाणी-माती आपण डोक्यात वेगळी करतो, निसर्गात ती एकाच व्यवस्थेचे भाग असतात. त्या व्यवस्थेला त्यानं इकोसिस्टिम म्हटलं.

तात्या : म्हणजे इंग्रजाला 1935 साली जे कळलं ते आमच्या बैलाला आधीच ठाऊक होतं.

ताई : असेल. पण मग तुमचाही रकाना तपासू या. सातबारावर दोनच : लागवडीयोग्य आणि पोटखराब. ज्याचा आकार वसूल होतो ते एकीकडे, होत नाही ते दुसरीकडे. महसूल खात्याला कर मोजायचा होता. त्यानं तेवढंच मोजलं, त्यात त्याची चूक नाही. चूक आपली. कर लागत नाही म्हणजे जमीन काही करत नाही, असं आपण धरून चाललो.

तात्या : बरं, काय करते ही जमीन? सांग याला. सही याची हवी आहे.

ताई : आधी हा दगड कुठून आला ते ऐका. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्यावर अमाप पाऊस आणि मग कडक ऊन, असं लाखो वर्षं आलटूनपालटून झालं. पावसानं त्यातली सिलिका विरघळवून नेली. लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. त्या लोहाला हवा लागली आणि ते गंजलं. तो गंज म्हणजे या कातळाचा, जांभ्याचा, लाल रंग.

तात्या : ते माहीत आहे. खाणीतून काढताना चिरा मऊ असतो, वारा लागला की टणक होतो. आपलं घर त्याच चिऱ्याचं.

ताई : म्हणून तर फ्रान्सिस बुकानन या इंग्रजांच्या सर्वेक्षकानं मलबारात हा दगड घरांना वापरलेला पाहिला आणि 1807 मध्ये त्याला लॅटराइट नाव दिलं. लॅटिनमध्ये लॅटर म्हणजे वीट. पण मला सांगायचंय ते वेगळंच. लोह गंजायला प्राणवायू लागतो. हवेतला प्राणवायू आला कुठून? दोन-अडीच अब्ज वर्षांपूर्वी समुद्रातल्या नील-हरित जिवाणूंनी उन्हावर अन्न करताना टाकाऊ म्हणून तो सोडला. पुढे झाडांनी तेच चालू ठेवलं. तेव्हा हा लाल रंग दगडाचा एकट्याचा नाही. जिवांनी सोडलेला श्वास त्या दगडात अडकलाय. मघाशी तुम्ही विचारलंत ना, दगड श्वास घेतो काय?

तात्या : (थोडं थांबून) हे बोलायला छान आहे. पण श्वासावर कर्ज फिटत नाही. आता माझं ऐका. नव्वद आर म्हणजे नव्वद कलमं. पाचव्या-सहाव्या वर्षी फळ धरतील. खालची बाग माझ्या बापानं लावलेली, झाडं म्हातारी झाली. मोहोराला अवकाळी पाऊस लागतो, त्यातून वाचला तर तुडतुडे, त्यातून वाचला तर फुलकिडे. फवारणीचा खर्च दरवर्षी वाढतो. तुम्हा दोघांचा पगार पहिल्या तारखेला पडतो. आमचा पगार मोहोरावर लटकलेला असतो. आणि हापूसला कातळच लागतो, बरं का. पाणी साचत नाही, फळाला गोडी येते. देवगड-रत्नागिरीच्या आंब्याला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच दगडाच्या जोरावर. तू म्हणतेस दगड काम करतो. मग माझ्या कलमासाठी केलं तर ते काम नव्हे?

ताई : ते कामच आहे. तुमची बागही परिसंस्थाच आहे, माणसानं जुळवलेली. मी हापूसच्या विरुद्ध नाही, मेमध्ये पेटी मीच मागवते. माझा प्रश्न इतकाच की एक काम द्यायला आपण दुसरी किती काढून घेतो. तुम्हीच सांगा, मोहोरावर कोण बसतं?

तात्या : माश्या. बारीक मधमाश्या. पोयाच्या मधमाश्या.

ताई : मोहोर दोन-तीन महिन्यांचा. त्या माश्या बाकीचं वर्ष काय खातात?

तात्या : मला काय विचारतेस? खात असतील काहीतरी.

ताई : खाली वाकून बघा, काहीतरी म्हणजे काय ते. जूनच्या पहिल्या पावसात इथं पांढरी दीपकाडी येते. ती कोकणातल्या सड्यांवरची. जगात दुसरीकडे कुठं नाही. मग पांढऱ्या गोंड्यांचे गेंद, पिवळा कवला, सीतेची आसवं, तेरडा. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कोणी ना कोणी फुललेलं असतं. ही त्या माश्यांची खानावळ आहे. तुमच्या मोहोराची चाकरी करण्याआधी त्या इथं जेवतात.

तात्या : हे तू बघितलंयस? का पुस्तकातलं?

ताई : फुलं बघितलीत, त्यांवरच्या माश्या बघितल्यात. त्याच माश्या खाली मोहोरावर जातात हे मोजलेलं नाही. तेवढं कबूल करते.

तात्या : बघ, कबूल करते. बरं, आणखी एक. या कातळावर फुरसं असतं. दोन वर्षांमागे शेजारच्या वाडीतल्या बाईला चावलं. तुझ्या तक्त्यात फुरसं कुठं?

ताई : भक्षकांत, वरच्या पायरीवर. विंचू, गोम, बेडूक, बारीक उंदीर खातं. हिशेब ऐका. गवत उन्हातली जी ऊर्जा धरून ठेवतं, त्यातला ढोबळमानानं दहावा हिस्सा नाकतोड्याच्या अंगी लागतो. नाकतोड्यातला दहावा बेडकाच्या, बेडकातला दहावा फुरशाच्या. बाकीची जगण्यात खर्च होते, उष्णता होऊन जाते. रेमंड लिंडमन नावाच्या तरुण अमेरिकन संशोधकानं एका तळ्यावर हा हिशेब मांडला, 1942 मध्ये. म्हणून गवत ढीगभर आणि फुरशी मोजकी.

तात्या : प्रत्येक पायरीवर नव्वद टक्के कापतात? मग मुंबईचा दलाल त्यापेक्षा बरा म्हणायचा.

ताई : दलाल बरा, कारण त्याच्याकडचा पैसा फिरून बाजारात येतो. ऊर्जा एकदा गेली की गेली, रोज नवं ऊन लागतं. पण नत्र, स्फुरद, लोह परत येतात. फुरसं मेलं की मुंग्या, बुरशी, जिवाणू त्याचं खत करतात आणि ते पुन्हा गवतात. ऊन पाहुणा, माती घरची.

तात्या : फुरशाचं खत झालेलं मला चालेल. इंग्रजांच्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं मारून आणलं की सरकार इनाम द्यायचं. हजारांनी मारली लोकांनी. म्हातारे सांगायचे.

ताई : सांगायचे ना? मग संपली का?

तात्या : कुठं संपली! शेजारच्या वाडीत चावलं म्हणून आत्ताच सांगितलं.

ताई : का नाही संपली? कारण घर शाबूत राहिलं. या जांभ्यातल्या भेगा, सपाट चिपा, त्यांखालची ओल, तिथले विंचू. सजीव कितीही मारले तरी निर्जीव भाग जागेवर असला की ते पुन्हा भरून येतात. दगडच फोडला, तर जे इंग्रजांना इनाम देऊनही जमलं नाही ते होईल.

तात्या : (हसून) मग ब्रेकर लावायलाच हवा! तूच कारण दिलंस.

ताईही हसली. आपलाच मुद्दा आपल्या पायावर पडला हे तिला कळलं होतं. पण तो तिनं उचलून घेतला.

ताई : ठीक. फुरसं जाईल. त्याच्यासोबत खळग्यातलं पाणी जाईल, त्यातले बेडूक जातील. आंबोलीत एक छोटा भेक आहे, कातळावरच्या उथळ डबक्यात अंडी घालणारा. शास्त्राला तो 2009 मध्ये माहीत झाला. त्याचं राज्य म्हणजे आंबोलीच्या आसपासचा जांभा, तेवढंच. डबकं सुकायच्या आत पिलांना पाय फुटले पाहिजेत, एवढी घाई. आपल्या खळग्यांत तळाशी बारीक कोळंबीसारखे जीव सापडतात. त्यांची अंडी उन्हाळाभर तापलेल्या धुळीत पडून राहतात आणि पाऊस पडला की उबतात. मेमध्ये ज्या दगडावर पाय ठेववत नाही, त्यावर ही अंडी जिवंत असतात. तुमच्या रकान्यात ही धूळ काय आहे?

तात्या : धूळ.

ताई : माझ्याही रकान्यात धूळच होती, आता आता कळलं. दगडफूल घ्या. काकू गोड्या मसाल्यात घालते ते. बुरशी आणि शेवाळ यांचा संसार. शेवाळ अन्न करतं, बुरशी ओल आणि निवारा देते. कातळावर जे दगडफूल वाढतं ते आम्ल सोडून दगड इतका हळूहळू झिजवतं की आपल्या आयुष्यात कळू नये. त्या झिजेत धूळ अडकते, धुळीत नील-हरित शेवाळ हवेतला नत्र धरतं, मग गवताचं बी रुजतं. तुम्ही ट्रकनं जी माती आणणार, ती इथं अशी तयार होतेय. फक्त तिचा कंत्राटदार फार सावकाश काम करतो.

तात्या : त्या कंत्राटदाराचं काम पुरं होईपर्यंत माझा पणतू म्हातारा होईल. बाय, तुझी एक गोष्ट मला खटकते. या सगळ्या तक्त्यात माणूस कुठं आहे?

ताई : भक्षकांत. सगळ्यात वर.

तात्या : फक्त भक्षक? फक्त खाणारा? अगो, या सड्यावरचं वाळकं गवत कोण कापून नेतं? मी. खाली भाताच्या तरव्यावर कवळ, गवत, शेण अंथरून भाजावळ कोण करतं? मी. त्या राखेवर रोप उठतं. म्हणजे या दगडावरचं गवत माझ्या भातात गेलं, भाताचा पेंढा गुरांच्या पोटात गेला आणि शेण पुन्हा शेतात. तुझा तो मुंग्या-बुरशीचा फेरा चालतो, त्यात माझाही हात आहे. गौरीला तेरडा इथूनच जातो. तुझी काकूच आणते. आणि शहरातून माणसं येतात, फोटो काढतात आणि आम्हाला सांगतात, हात लावू नका. कासच्या पठाराला 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा मिळाला, तिथं तिकीट लागलं. पश्चिम घाटावरचा गाडगीळ समितीचा 2011 चा अहवाल लोकांपुढे आला तेव्हा इथं केवढी खळबळ झाली, आठवतं? लोक वाचून घाबरले आणि न वाचताही घाबरले. आम्हाला भीती झाडाची नाही गो. आमच्या जागेचं कोणी आम्हाला न विचारता ठरवील, याची आहे.

ताई : ही भीती खरी आहे. आणि माणूस फक्त खाणारा नाही, हेही खरं. अर्न्स्ट हेकेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानं 1866 मध्ये या शास्त्राला नाव दिलं तेव्हा ग्रीकमधला घर हा शब्द घेतला. घराचं शास्त्र. घरात राहणाऱ्याला वगळून घराचं शास्त्र होत नाही. पण तात्या, तुम्ही आत्ता जे सांगितलंत तेच तुमच्या सातबाराविरुद्ध जातं. पोटखराब जमिनीचं गवत भाताला, तेरडा गौरीला. काही धरत नाही म्हणालात, आणि इतकी वर्षं इथून नेतच आलात.

यावर तात्या काही बोलले नाहीत. मग मी पहिल्यांदा तोंड उघडलं. विचारलं, “आणि पाणी? खाली आपल्या विहिरीला पाणी कुठून येतं?”

तात्या : (हातानं दाखवत) या वरच्या अंगानं पाणी येतं. तिथं उथळ बशी आहे ना, तिथं साचतं. जांभा जाळीदार, पाणी आत घेतो. खाली मऊ चिकट मातीचा थर लागतो, तिथं ते अडतं आणि डोंगराच्या कुशीतून पाझरतं. एक पाझर देवळामागच्या झऱ्याला, एक आपल्या विहिरीला. त्या बशीत पाणी उशिरापर्यंत राहिलं की विहीर एप्रिल काढते, असा माझ्या बापाचा हिशेब होता. पलीकडच्या कोरड्या अंगावरचं पाणी सरळ वाहून पऱ्याला जातं, ते आपल्याला मिळत नाही.

ताई त्यांच्याकडे बघत राहिली.

ताई : हे मला माहीत नव्हतं.

तात्या : तुला कसं असणार? तू इथं गणपतीत आणि मे महिन्यात. बशी भरते जुलैत आणि आटते डिसेंबरात.

ताई : मग त्या बशीत ब्रेकर लावला तर विहिरीचं काय होईल?

तात्या : (बराच वेळ थांबून) काय होईल ते सांगता येत नाही. पाणी वाढेलही, नवी भेग पडली तर. किंवा एप्रिलचं मार्चवर येईल. सांगता येत नाही म्हणजे धोका आहे, एवढं कळतं मला.

ताई : आणि नव्वद कलमांना पहिली तीन-चार वर्षं उन्हाळ्यात पाणी कुठून घालणार?

तात्या : विहिरीतून.

कोणी हसलं नाही. टिटवी मघापासून आमच्या डोक्यावर ओरडत फिरत होती.

तात्या : मग असं करू. बशीच्या अंगाचं राहू दे. कोरड्या अंगाला चाळीस कलमं बसतील, तेवढी लावतो. अर्धं तुझं, अर्धं माझं.

ताई : तात्या, परिसंस्था अर्धी करता येत नाही. कोरड्या अंगालाही काही राहतं. रातवा, चंडोल, टिटवी अंडी घालतात ती उघड्या कोरड्या कातळावरच, ओल्यात नाही.

तात्या : बागही अर्धी करता येत नाही. पोराची फी अर्धी भरून चालत नाही. मला पूर्ण मिळालं नाही, तुला पूर्ण मिळालं नाही. वाटणी याला म्हणतात.

ताईला हे पटलेलं नव्हतं, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तात्यांनाही पन्नास कलमं सोडल्याची बोच होती. पण वाद एका ठिकाणी येऊन थांबला होता. बशीची कड कुठं संपते हे ताईच्या पुस्तकात नव्हतं आणि सातबारावरही नव्हतं. ते फक्त तात्यांना माहीत होतं. आणि ती कड का महत्त्वाची, हे ताईनं विचारेपर्यंत त्यांनी कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं.

पुन्हा बारीक पाऊस सुरू झाला. तात्यांनी धोतराचा काचा खोवला आणि पाणी जिथून जिथून सरकत होतं त्या रेषेनं चालू लागले. सुटे चिरे पडले होते, त्यातला एकेक उचलून दहा-बारा पावलांवर ठेवत गेले. ताई मागून चालत होती. एका ठिकाणी तिनं चिरा हातभर बाहेर सरकवला, तिथं गेंदाचा पुंजका होता. तात्यांनी वळून पाहिलं, पुटपुटले, आणि तो चिरा तसाच राहू दिला.

मी उतारा घडी करून खिशात घातला. त्यावर या रेघेसाठी रकाना नव्हता. सही मी अजून केलेली नाही. दिवाळीला पुन्हा जाणार आहे. तोपर्यंत बशीत पाणी असेल, आणि चिरे पाण्याच्या किती आत नि किती बाहेर आहेत ते तेव्हा दिसेल.